लहरीवर चाललेली कंपनी आणि ती सांभाळणारे शिष्य (थ्रेड)

१ जून १९२९. कोल्हापुरात पाच भागीदारांनी 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन केली. त्यांपैकी चौघे त्याच गावातील दुसऱ्या एका चित्रसंस्थेतून, आपल्या गुरूला सोडून आले होते. गुरूचे नाव बाबूराव पेंटर. संस्था, महाराष्ट्र फिल्म कंपनी.

हा प्रसंग बहुधा 'फूट' म्हणून सांगितला जातो. परंतु चौघे बाहेर का पडले, यापेक्षा त्याआधी इतकी वर्षे ते तिथे टिकले कसे, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. कारण पेंटर विलक्षण प्रतिभेचे कलावंत होते आणि मालक म्हणून त्यांच्यासोबत काम करणे तितकेच विलक्षण अवघड होते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. ते आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव संगीत नाटकांचे पडदे रंगवीत. 'पेंटर' हे नाव तिथूनच चिकटले. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि दोघांना चित्रपटाचे वेड लागले. कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून तो आपणच बनवायचा असे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. काम अर्धवट राहिले.

ते पुरे झाले १९१८ मध्ये, आणि इथेच आपल्या कथेतला पहिला शिष्य दिसतो. विष्णुपंत दामले. बाबूरावांच्या डोक्यातली रचना आणि प्रत्यक्ष फिरणारे यंत्र यांच्यामध्ये दामले उभे होते. ज्या गावात चित्रपटाचे यंत्र दुरुस्त करणारा कोणी नव्हता, तिथे एक चालता कॅमेरा तयार झाला. दामल्यांचे नाव पुढे 'संत तुकाराम'मुळे गाजले. पण त्यांचा खरा स्वभाव या कॅमेऱ्यातच दिसतो: दुसऱ्याने कल्पिलेली गोष्ट गाजावाजा न करता शेवटास नेणे.

तानीबाई कागलकरांचे अर्थसाहाय्य आणि शाहू महाराजांचा आश्रय लाभून कंपनी उभी राहिली. 'सैरंध्री' १९२० मध्ये झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे 'सिंहगड' (१९२३) आला, आणि सावकाराच्या कर्जात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचा 'सावकारी पाश' (१९२५) आला. त्यातला शेतकरी रंगवला होता कंपनीत पडेल ते काम करणाऱ्या एका तरुणाने. त्याचे नाव शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम.

आता अडचणीकडे. बाबूराव लहरी होते आणि अतिशय संथ काम करणारे होते. मनासारखे जमेपर्यंत काम पुढे सरकत नसे. पात्रांची वेशभूषा, हालचाली ते आधी स्वतः रेखाटत. जाहिरातीची पोस्टरेही स्वतः रंगवीत. म्हणजे आळस मुळीच नव्हता. त्यांच्या कामाला वेळापत्रक नव्हते, इतकेच. आणि आरंभीच्या काळात चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून होते. मालकाचे मन दुपारी चारला लागले, तर तोवर ऊन कललेले असायचे.

याच काळात अमेरिकेत हा प्रश्न कसा सुटत होता, हे पाहण्यासारखे आहे. टॉमस इन्स या निर्मात्याने चित्रीकरणापूर्वीच प्रत्येक दृश्याची तपशीलवार लेखी पटकथा सक्तीची केली होती. १९२२ मध्ये आयर्व्हिंग थालबर्ग या तरुण व्यवस्थापकाने एरिक फॉन स्ट्रोहाइम या उधळ्या दिग्दर्शकाला चालू चित्रपटातून सरळ काढून टाकले. तिथे दिग्दर्शक नोकर होता. कोल्हापुरात दिग्दर्शकच संस्थेचा मुख्य आणि तोच सर्वांचा गुरू. त्याला कोण काढणार? वडीलधाऱ्या गुरूसमोर घड्याळ धरण्याची तर रीतच नव्हती.

शिष्यांनी काय केले, ते श्रेयनामावल्यांतून वाचता येते. त्यांनी गुरूला बदलण्याचा खटाटोप केलेला दिसत नाही. गुरूवाचून अडणार नाहीत अशी कामे एकेक करून स्वतःच्या अंगावर घेतली. दामले यंत्रे आणि छायाचित्रणात तयार झाले. कागलचे फत्तेलाल, सर्वांचे 'साहेबमामा', कलादिग्दर्शनात. केशवराव धायबर कॅमेऱ्यामागे. आणि शांताराम जवळजवळ प्रत्येक खात्यात. चौकटीत काय दिसावे, हा निर्णय मात्र बाबूरावांचा, आणि तो कोणी त्यांच्याकडून घेतला नाही. गुरूची नजर उसनी मिळत नाही हे त्यांना ठाऊक होते. ती शिकावी लागते, आणि शिकायला संथ गुरूपाशी वेळ भरपूर मिळतो.

१९२७ मध्ये 'नेताजी पालकर' शांताराम आणि धायबर यांनी दिग्दर्शित केला. १९२८ मध्ये 'महारथी कर्ण' दामले-फत्तेलाल यांनी. कंपनी पेंटरांची, चित्रपट शिष्यांचे. एका अर्थी ही त्यांच्या पद्धतीची सिद्धी होती, आणि नेमकी तिथेच तिची मर्यादाही उघडी पडली. सारे काम आपण करायचे आणि संस्थेचे भवितव्य मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर, हे किती दिवस चालणार? वर्षभरात 'प्रभात' निघाली.

'प्रभात'ची मांडणी लक्षपूर्वक पाहावी. पाच भागीदार, प्रत्येकाचे खाते वेगळे. शांताराम दिग्दर्शन, धायबर छायाचित्रण, फत्तेलाल कला, दामले तांत्रिक बाजू आणि बोलपट आल्यावर ध्वनी, सीताराम कुलकर्णी पैशाचा व्यवहार. एकाचे मन लागले नाही म्हणून पाचांचे काम थांबू नये, अशी ही रचना. ती जुन्या कंपनीत दहा वर्षे घालवलेल्या माणसांनाच सुचावी यात नवल नाही. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला गेली. तिचा 'संत तुकाराम' (१९३६) पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल.

शिष्य गेल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ तगली नाही. १९३१ च्या सुमारास ती बंद पडली. बोलपट तेव्हाच अवतरत होता, म्हणून सारा दोष बाबूरावांच्या लहरीवर टाकणे अन्यायाचे होईल. ध्वनीमुळे दृश्याची भाषा मारली जाईल अशी त्यांची धारणा होती. त्यांनी मोजके बोलपट केले, १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा बोलता केला, आणि हळूहळू चित्रकला व शिल्पाकडे परतले.

गुरू-शिष्यांचे नाते मात्र तुटले नाही. १९४२ मध्ये शांतारामांनी 'प्रभात' सोडून मुंबईत 'राजकमल' उभारली. आता मालक ते होते, वेळापत्रक त्यांचे होते, आणि शिस्तीबद्दल त्यांचा दराराही होता. तरीही 'लोकशाहीर रामजोशी' करायचे ठरले तेव्हा त्यांनी दिग्दर्शनासाठी बाबूरावांना बोलावले. १९४७ मध्ये तो चित्रपट पडद्यावर आला. दिग्दर्शक म्हणून त्यावर दोन नावे आहेत: बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम.