काकांची सनई आणि नाण्याएवढा सेल

आजचा भाग एका सेलबद्दल आहे. वजनकाट्यात किंवा गाडीच्या चावीत असतो ना, तो नाण्याएवढा सीआर२०३२.

झालं असं, की मी सांगलीच्या एका काकांकडून जुना यामाहा डीएक्स७ सिंथेसायझर घेतला. काकांनी तो ऑर्केस्ट्रात वीस वर्षं वाजवलेला. घरी आणून चालू केला तर स्क्रीनवर ‘चेंज बॅटरी’. काकांना फोन लावला. ते म्हणाले, “सेल बदल की, पण माझी सनई जाऊ देऊ नकोस रे.”

सनई जाईल म्हणजे काय? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१९७० च्या मिनीमूगला मेमरीच नव्हती. नॉब फिरवून फिरवून मस्त आवाज सापडला, की कोणता नॉब कुठे होता ते कागदावर लिहून ठेवायचं. १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-५ आला. त्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि ४० आवाज साठवता यायचे. बटण दाबलं की आवाज हजर! पण ही रॅम वीज गेली की सगळं विसरते. म्हणून आत एक छोटी बॅटरी बसवली.

मग १९८३ मध्ये डीएक्स७. त्यातलं एफएम तंत्र स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये सापडलं होतं. डीएक्स७ लाखाच्या वर विकला गेला. त्याच्या मेमरीत ३२ आवाज मावतात. प्रत्येकी १२८ बाइट्स, म्हणजे एकूण ४०९६. आजच्या व्हॉट्सअॅप स्टिकरपेक्षाही कमी! प्लग काढला की तो ३ व्होल्टचा सेल एवढेच बाइट्स सांभाळतो. वीज अगदी नगण्य लागते, म्हणून वर्षानुवर्षं चालतो.

आता खरी गोची ऐका. डीएक्स७ वर नवा आवाज बनवणं महाकठीण. नॉब नाहीत, सहा ऑपरेटर, ३२ अल्गोरिदम आणि सगळं एका छोट्या स्क्रीनवर. त्यामुळे बहुतेक लोक कंपनीचेच आवाज वाजवायचे. ते आजही फाइल म्हणून मिळतात. पण काकांनी लग्नाच्या कार्यक्रमांसाठी रात्री जागून बनवलेली सनई? ती जगात एकाच ठिकाणी होती. माझ्या टेबलावर, २७ नंबरला.

म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या आधी बॅकअप. वाद्यं एकमेकांशी बोलतात ती मिडी पद्धतही १९८३ चीच. यूएसबी-मिडी केबलने लॅपटॉप जोडला आणि ३२ आवाज एकदम ओढून घेतले. ४१०४ बाइट्सची फाइल आली. तरी विश्वास बसेना. प्रत्येक आवाजाचे शेवटचे १० बाइट्स म्हणजे त्याचं नाव, म्हणून फाइल उघडून वाचली. ‘सनई’ दिसली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. फाइल तीन ठिकाणी ठेवली.

मग प्लग काढला, स्क्रू काढले. झाकण गाडीच्या बॉनेटसारखं उघडतं. जुना सेल बोर्डला डाग देऊन बसवलेला होता, तो सोडवला. नव्या सेलला थेट डाग द्यायचा नाही, तापून फुटू शकतो. मी होल्डर बसवला, प्लस-मायनस दोनदा तपासलं आणि सेल सरकवला. चालू केल्यावर नावांच्या जागी नुसता कचरा! हात गार पडले. मेमरी प्रोटेक्ट बंद केलं, फाइल परत पाठवली आणि २७ दाबलं.

काकांना फोन लावून स्पीकरजवळ धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जरा चिरकी वाटतेय. पण आहे माझीच.”

आपल्या फोनमधली फ्लॅश मेमरी सेलशिवाय टिकते. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगासमोर मांडली, डीएक्स७ नंतरच्याच वर्षी. पण त्या काळातले कितीतरी कीबोर्ड अजून सेलवरच तग धरून आहेत. तुमच्या घरात, मामाकडे, गावच्या बँडवाल्याकडे असा एखादा असेल, तर या रविवारी चालू करून बघा. आधी बॅकअप, मग स्क्रूड्रायव्हर. चला, भेटू पुढच्या भागात!