सहकारी पटखेळ
सर्व खेळाडू एका बाजूला आणि पटावरची संकटे दुसऱ्या बाजूला, अशी रचना असलेले पटखेळ. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळेच. अनोळखी बेट किंवा अरण्य धुंडाळत तग धरणे हा त्यातला सर्वांत रंगतदार प्रकार होय.

पटावरचा प्रवास मराठी घरांना नवा नाही. मोक्षपटात कवड्यांच्या दानानुसार सोंगटी शिडीने चढते, सापाने घसरते. परंपरा हा खेळ ज्ञानेश्वरांचा मानते. ठोस पुरावा मात्र नाही. मोक्षपटात प्रत्येक जण आपल्यापुरता चालतो. आधुनिक सहकारी खेळ नेमके तेच बदलतात.

मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’ने (२००८) हा प्रकार जगभर पोचवला. पोलंडचे इग्नात्सी त्शेविचेक यांचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ (२०१२) अधिक कठोर आहे. त्यात निर्जन बेटावर लाकूड तोडायचे, निवारा उभारायचा, अन्न मिळवायचे. एका कामाला दोन प्यादी लावली तर यश नक्की. एकच लावले तर फासे टाकावे लागतात. रात्री अन्न कमी पडले की जखमा होतात, आणि एक पात्र मेले तरी डाव सर्वांचाच संपतो.

मित्रांच्या बैठकीत एखादा अनुभवी खेळाडू सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो, हा या प्रकारातला खरा दोष. एकट्याने खेळताना तो उरत नाही. ‘रॉबिन्सन क्रूसो’मध्ये एकट्याच्या सोबतीला फ्रायडे आणि कुत्रा दिलेले असतात.