परदेशात पासपोर्टचे नूतनीकरण : लग्नानंतरचे नाव लावावे की नाही, लावायचे तर कसे?

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्नानंतर जोडीदारासोबत परदेशात गेलेल्या आपल्या समाजातील मुलींची संख्या आता नजरेत भरण्याइतकी झाली आहे. पासपोर्टची दहा वर्षांची मुदत संपत आली की यातल्या अनेकींपुढे एकच प्रश्न उभा राहतो. जुना पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे, मध्ये लग्न झाले, आता नवा पासपोर्ट कोणत्या नावाने काढायचा? घरचे म्हणतात सासरचे आडनाव लाव, मैत्रीण म्हणते नाव बदललेस तर व्हिसा अडकेल, एजंट म्हणतो दोन्ही करून देतो. या गोंधळात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून हा विषय आम्ही एकत्र मांडत आहोत.

पहिली गोष्ट स्पष्ट असू द्या. लग्न झाले म्हणून स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असा भारतात कोणताही कायदा नाही. बौद्ध विवाहविधीतही त्रिशरण, पंचशील आणि वधू-वरांच्या प्रतिज्ञा आहेत. वधूने आपले नाव टाकून द्यावे अशी अट त्यात कुठेच नाही. माहेरच्या नावानेच पासपोर्टचे नूतनीकरण करता येते. हवे असेल तर नाव तेच ठेवून शेवटच्या पानावर जोडीदाराच्या नावाची नोंद करून घेता येते. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीवर अवलंबून असलेला व्हिसा मागताना लग्नाचा पुरावा विचारतात. दोघांचे आडनाव सारखेच असावे लागते हा गैरसमज आहे. आमच्या मते बहुतेक भगिनींना प्रत्यक्षात एवढ्याच नोंदीची गरज असते. नवऱ्याच्या परवानगीचा मुद्दाही कोणी पुढे करू नये. पासपोर्टसाठी अर्ज करताना पत्नीला पतीची परवानगी किंवा सही घेण्याची गरज नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

आपल्याकडे एक नव्हे, दोन नावे बदलतात

महाराष्ट्रात पूर्ण नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. लग्नानंतर नाव बदलायचे ठरवले की मधले नावही बदलते. वडिलांच्या जागी पतीचे नाव येते. पासपोर्टवर मात्र मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो. ‘गिव्हन नेम’ या रकान्यात स्वतःचे नाव आणि मधले नाव एकत्र येते, ‘सरनेम’ मध्ये आडनाव. त्यामुळे फक्त आडनाव बदलून मधले नाव वडिलांचेच राहिले, तर पासपोर्टवर वडिलांचे नाव आणि सासरचे आडनाव अशी जोडी तयार होते, जी आधारवरही नसते आणि विवाह प्रमाणपत्रावरही नसते. अर्ज भरण्याआधी पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. तेच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे लिहा.

खेड्यातून आलेल्या अनेकांच्या जुन्या पासपोर्टवर संपूर्ण नाव ‘गिव्हन नेम’ मध्ये असते आणि ‘सरनेम’ कोरे असते. आखाती देशांत जाणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्या पर्यटक आणि भेट व्हिसाधारकांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून प्रवेश नाकारायला सुरुवात केली होती. नाव दुरुस्त करायचेच असेल तर नूतनीकरणाची वेळ सर्वांत सोयीची.

खरी अडचण विवाह नोंदणीची

आपल्याकडे लग्न विहारात किंवा मंगल कार्यालयात भन्ते अथवा बौद्धाचार्यांच्या हस्ते होते, संस्थेचे प्रमाणपत्र मिळते, आणि सर्वांना वाटते की कागद झाला. तो कागद विधी झाल्याचा पुरावा आहे. सरकारी विवाह प्रमाणपत्र नाही. परदेशी व्हिसा कार्यालय ते स्वीकारत नाही. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायद्याची मागणी जुनी आहे, पण आज तरी हिंदू विवाह कायदा, १९५५ हाच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. हे नाव अनेक कार्यकर्त्यांना खटकते आणि ते खटकणे रास्तच आहे. ज्यांना या कायद्याखाली नोंद नको, त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. विधीने आधीच झालेले लग्नही त्याखाली नोंदवता येते, फक्त तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. सुट्टीवर पंधरा दिवसांसाठी आलेल्या जोडप्याला ते जमत नाही, हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे १९९८ च्या राज्य कायद्याखालील नोंदणी. गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेच्या विभाग कार्यालयात ती होते. वधू-वर आणि तीन साक्षीदार लागतात. अर्जात विधी लावणाऱ्याची माहिती आणि सही असते, तिथे भन्ते किंवा बौद्धाचार्यांची सही घ्या. लग्न लागले त्याच आठवड्यात हे काम उरकावे, कारण परदेशी गेल्यावर दोघांनी साक्षीदारांसह पुन्हा गावी यायचे म्हणजे विमानाच्या तिकिटांचा खर्च आणि रजा. विवाह नोंदणी सक्तीची करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सर्व राज्यांना सांगितले होते. तरीही विहारात लग्न लावताना नोंदणीचा अर्ज सोबत ठेवणारे बौद्धाचार्य थोडेच. आपल्या शाखांनी एवढे काम हाती घेतले तरी पुष्कळ होईल.

लग्न परदेशातच झाले असेल तर त्या देशाच्या नागरी नोंदणी कार्यालयाचे प्रमाणपत्र हवे आणि साधारणपणे त्यावर अपोस्टिलचा शिक्का. भारतीय दूतावासातही विदेशी विवाह कायदा, १९६९ प्रमाणे लग्न लावता किंवा नोंदवता येते. उलट बाजूने, भारतातले विवाह प्रमाणपत्र परदेशात दाखवायचे असल्यास त्यावर आधी राज्य शासनाची आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर लागते. हे काम भारतात असतानाच करून घ्यावे.

अर्ज करताना

कायद्याच्या भाषेत हे नूतनीकरण नसून ‘रि-इश्यू’ आहे, म्हणजे नवा क्रमांक, नवी पुस्तिका. परदेशात अर्ज भारतीय दूतावासाच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरायचा असतो. अनेक देशांत कागद स्वीकारण्याचे काम दूतावासाने नेमलेली खासगी कंपनी करते. निर्णय मात्र दूतावासाचाच असतो. मुदत संपायला एक वर्ष उरले की अर्ज करता येतो. बहुतेक देश प्रवेशासाठी सहा महिने मुदत शिल्लक मागतात, म्हणून शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका.

रि-इश्यूचे कारण विचारतात तिथे अनेकजणी फक्त ‘मुदत संपत आली’ एवढेच निवडतात आणि सोबत विवाह प्रमाणपत्र जोडतात. पासपोर्ट मग जुन्याच नावाने येतो किंवा अर्ज परत येतो. वैयक्तिक तपशिलात बदल हे कारणही निवडले पाहिजे. ‘पूर्वी कधी नाव बदलले आहे का’ या प्रश्नाला होय म्हणून जुने पूर्ण नाव लिहावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही; उलट जुन्या आणि नव्या नावातला दुवा सरकारी नोंदीत राहतो, तो पुढे फार उपयोगी पडतो.

विवाह प्रमाणपत्राची सक्ती परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये शिथिल केली. विभक्त किंवा घटस्फोटित व्यक्तीला जोडीदाराचे नाव देण्याची सक्तीही तेव्हाच गेली. प्रमाणपत्राऐवजी पती-पत्नीच्या सहीचे, दोघांचा एकत्र फोटो लावलेले घोषणापत्र देण्याची सोय आहे. पण प्रत्येक दूतावासाची कागदांची यादी थोडी वेगळी असते. आपण राहतो त्या क्षेत्राच्या दूतावासाचीच यादी पाहावी. दुबईतल्या बहिणीचा अनुभव लंडनला लागू होईलच असे नाही. लग्नात पहिले नावही बदलले असेल, किंवा पतीचे नसलेले वेगळेच आडनाव घ्यायचे असेल, तर तो साधा लग्नानंतरचा बदल राहत नाही. तिथे राजपत्र किंवा वर्तमानपत्रातील जाहिराती लागतात.

भारतातील पत्त्यावर पोलीस पडताळणी होऊ शकते. पत्ता माहेरचा दिला असेल तर माहेरी, सासरचा दिला असेल तर सासरी आधी फोन करून ठेवा. पोलीस दारात आल्यावर ‘या नावाचे इथे कोणी नाही’ असे शेजाऱ्याने सांगितले, तर पासपोर्ट महिनोन्महिने रखडू शकतो.

जातीचा दाखला आणि शिष्यवृत्ती

हा भाग इतर कुठल्या माहितीपुस्तिकेत सहसा सापडत नाही, आणि आपल्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. स्त्रीची जात जन्माने, वडिलांकडून ठरते. लग्नानंतरही जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र वडिलांकडील पुराव्यांवरच मिळते. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० मध्ये, दीर्घ लढ्यानंतर मिळाल्या. त्या कागदांवर माहेरचे नाव आहे. दहावीपासून पदवीपर्यंतच्या गुणपत्रिकांवरही तेच आहे. पासपोर्ट नव्या नावाचा झाला की उद्या परत येऊन प्राध्यापकपदासाठी किंवा लोकसेवा आयोगाच्या जागेसाठी अर्ज करताना ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते. नोंदणीकृत विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नोंद असेल तर ते सोपे होते. नाहीतर पडताळणीच्या टेबलावर अडवणूक करायला निमित्त मिळते, आणि निमित्त शोधणारे कमी नाहीत.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन गेलेल्या विद्यार्थिनींना आमचे सांगणे आहे की शिष्यवृत्ती चालू असताना नाव बदलू नका. मंजुरी आदेश, विद्यापीठातील प्रवेश, बँक खाते सर्व एका नावावर चालले आहे. ते अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत तसेच चालू द्या. लग्न मध्येच झाले तर नोंदणी करा, पासपोर्टला हात लावू नका.

नवा पासपोर्ट आल्यावर

जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्द करून परत मिळतो. त्यात चालू व्हिसा असेल तर तो सहसा रद्द होत नाही. दोन्ही पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवून प्रवास करावा. अमेरिकेचे परराष्ट्र खाते मात्र नाव बदलल्यास नवा व्हिसा घेण्याचा सल्ला देते. ब्रिटनमध्ये ई-व्हिसाच्या खात्यात नवा पासपोर्ट आणि नाव कळवावे लागते. आखातात निवास परवाना आणि ओळखपत्र बदलून घ्यावे लागते. परदेशी नागरिकाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी पासपोर्टवरचे नाव मूळ धरतात, म्हणून आधी पासपोर्ट, मग निवास परवाना, मग बँक आणि नोकरीचे ठिकाण असा क्रम ठेवा. विमानाचे तिकीट आधीच जुन्या नावाने काढले असेल तर नाव बदलण्याचा अर्ज प्रवासानंतर करावा.

पाकीट उघडल्यावर पहिले आणि शेवटचे पान अक्षर न् अक्षर तपासा. आई-वडिलांची नावे, जोडीदाराचे नाव, जुन्या पासपोर्टचा क्रमांक. छपाईतली चूक दूतावासाकडून झाली असेल तर ती लगेच कळवावी. वर्षभराने सांगितल्यास नवा अर्ज आणि नवे शुल्क पडण्याची शक्यता असते. भारतातले पॅन आणि आधार पुढच्या सुट्टीत बदलता येतील, पण प्रॉव्हिडंट फंड किंवा सातबाऱ्यावर नाव असेल तर त्याचीही आठवण ठेवा.