टीएमसी

मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ‘टीएमसी’ म्हणजे १९८२ साली स्थापन झालेली ठाणे महानगरपालिका. परळला तीच अक्षरे टाटा मेमोरियल सेंटरची. कर्करोगाचा रुग्ण घेऊन आलेल्या कुटुंबाला दुसरा अर्थ सुचतही नाही. बातम्यांत तो १९९८ सालचा तृणमूल काँग्रेस पक्ष.

मला मात्र धरणांची टीएमसी सर्वांत मोलाची वाटते. थाउजंड मिलियन क्युबिक फीट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. कोयनेची साठवणक्षमता १०५ टीएमसी! यातला ‘थाउजंड’ सुटला तर अर्थ हजारपटीने चुकतो. मराठीत याला ‘अब्ज घनफूट’ असा नेमका पर्याय आहे. काही वृत्तपत्रे तो छापतात, सगळ्यांनीच छापावा.