अल्पसंख्याक वृद्धांचे आरोग्य : आधी संशोधक घडवणारी अमेरिकी केंद्रे

अमेरिकेतील अल्पसंख्याक समाजांच्या वार्धक्याचा अभ्यास करणारे संशोधक तयार व्हावेत, या हेतूने तेथील राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने १९९७ मध्ये काही निवडक विद्यापीठांतील विशेष केंद्रांना अनुदान देण्यास प्रारंभ केला. अल्पसंख्याक वार्धक्य संशोधन साधन केंद्रे असे या योजनेचे नाव. एखाद्या आजाराचा शोध घेण्यासाठी पैसा देणे ही सरकारी विज्ञानसंस्थांची नेहमीची रीत होय. येथे मात्र पैसा दिला गेला तो प्रामुख्याने माणूस घडवण्यासाठी. नवोदित संशोधकाला अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली काही काळ काम करता यावे आणि पुढे त्याने स्वतःच्या बळावर मोठे अनुदान मिळवावे, ही त्यामागील कल्पना होती.

अल्पसंख्याक हा शब्द भारतीय वाचकाच्या मनात प्रथम धर्माशी जोडला जातो. अमेरिकेत त्याचा अर्थ वंश आणि मूळ प्रदेश यांवरून ठरतो. कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाचे, आशियाई आणि मूळ अमेरिकी आदिवासी असे समूह त्यात येतात. २०२० मध्ये अमेरिकेतील ६५ वर्षांवरील नागरिकांपैकी सुमारे एक चतुर्थांश या समूहांतील होते आणि हे प्रमाण सातत्याने वाढत जाईल, असे तेथील सरकारी अंदाज सांगतात.

राष्ट्रीय वार्धक्य संस्था ही राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या समूहाचा भाग आहे. तिची स्थापना १९७४ मध्ये झाली आणि रॉबर्ट बटलर हे तिचे पहिले संचालक होते. वयावरून केल्या जाणाऱ्या भेदभावाला इंग्रजीत स्वतंत्र शब्द मिळवून देणारे ते हेच मनोविकारतज्ज्ञ. तथापि स्थापनेनंतरच्या पहिल्या दोन दशकांत वृद्धांविषयी जे ज्ञान जमा झाले, त्याचा मोठा भाग श्वेतवर्णीय वृद्धांच्या अभ्यासातून आलेला होता. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून सरकारी पैशांवर चालणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांत स्त्रिया आणि अल्पसंख्याक यांचा समावेश बंधनकारक केला. कायद्याने दार उघडले खरे, परंतु त्यातून आत यायला वृद्ध तयार नव्हते. त्याची कारणे इतिहासात होती.

विश्वासाला गेलेला तडा

अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. उपचार न केल्यास हा रोग शरीरात कसा पसरतो, हे डॉक्टरांना पाहायचे होते. रुग्णांना मात्र त्यांच्या ‘खराब रक्ता’वर उपचार चालू आहेत, असे सांगण्यात आले. मृत्यूनंतर शवविच्छेदनास संमती दिल्यास अंत्यसंस्काराचा खर्च मिळेल, असे आमिषही होते. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे उपदंशावरील प्रमाण औषध ठरले, तरीही ते या माणसांना देण्यात आले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी प्रकरण उघडकीस आणले, तेव्हा कुठे हा अभ्यास थांबला. टस्कीगी या गावाच्या नावाने तो ओळखला जातो.

राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १६ मे १९९७ रोजी व्हाइट हाउसमध्ये या प्रकरणी देशाच्या वतीने क्षमा मागितली. त्या वेळी अभ्यासातील आठच पुरुष हयात होते. वार्धक्य संशोधन केंद्रांची योजनाही त्याच वर्षीची. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या एवढेच म्हणता येईल. पण ज्या वृद्धांकडे हे नवे संशोधक जाणार होते, त्यांच्या तरुणपणी टस्कीगीचा अभ्यास चालू होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

मिशिगन विद्यापीठ आणि डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठ यांनी मिळून चालवलेल्या केंद्रापुढे नेमका हाच प्रश्न होता. मोटारींच्या कारखान्यांत काम मिळवण्यासाठी दक्षिणेकडील राज्यांतून डेट्रॉइटला आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे आता म्हातारी झाली होती. केंद्राने तेथील वृद्धांसाठी एक स्वतंत्र उपक्रम उभारला. त्यात आधी आरोग्यविषयक व्याख्याने, भोजनासह मेळावे आणि परिसरातील ज्येष्ठांचे सल्लागार मंडळ अशी बैठक तयार झाली. अभ्यासात सहभागी होण्याची तयारी असलेल्यांनी स्वतःहून नाव नोंदवायचे, अशी पद्धत ठेवण्यात आली. ही नोंदवही पुढे हजारावर नावांची झाली. संशोधकाला एखाद्या अभ्यासासाठी या नोंदवहीतील व्यक्तींची गरज भासल्यास त्याचा प्रस्ताव आधी परिसरातील ज्येष्ठ मंडळी पाहत. प्राध्यापकाने आपले काम शेजारच्या आजीबाईंना समजेल अशा भाषेत सांगावे लागणे, ही त्याच्या प्रशिक्षणातली बहुधा सर्वांत कठीण परीक्षा असावी.

या केंद्राचे नेतृत्व मानसशास्त्रज्ञ जेम्स जॅक्सन यांनी दीर्घकाळ केले. १९७९-८० मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांची पहिली मोठी राष्ट्रीय पाहणी हाती घेतली होती. तोवरच्या पाहण्यांत कृष्णवर्णीयांची नोंद बहुधा श्वेतवर्णीयांशी तुलना करण्यापुरती होई. जॅक्सन यांनी त्या समाजातील अंतर्गत वैविध्यच अभ्यासाचा विषय केले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

आदिवासी समाजांची अडचण निराळी होती. अमेरिकेतील मान्यताप्राप्त आदिवासी राष्ट्रांची संख्या ५७० हून अधिक आहे. त्यांतील अनेकांची लोकसंख्या लहान असून संशोधनाला परवानगी देण्याचा अधिकार त्यांच्या स्वतःच्या शासनाकडे असतो. ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाय जमातीच्या लोकांनी १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले होते. त्याच रक्तावर पुढे मनोविकार आणि पूर्वजांचे स्थलांतर यांविषयी त्यांच्या संमतीवाचून संशोधन झाले. हे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ७ लाख डॉलर व उरलेले नमुने परत देऊन तडजोड केली. नावाहो राष्ट्राने तर २००२ मध्ये आपल्या हद्दीतील आनुवंशिक संशोधनच स्थगित केले होते. अशा वातावरणात कोलोरॅडो विद्यापीठाच्या केंद्राने स्पेरो मॅन्सन यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी समाजांतूनच आलेल्या डॉक्टरांना आणि पीएचडीधारकांना प्रशिक्षण देण्याचा मार्ग स्वीकारला. मॅन्सन स्वतः चिपेवा जमातीचे आहेत.

मार्गदर्शनाचे स्वरूप

साधारणपणे प्रत्येक केंद्राचे काम काही विभागांत वाटलेले असे. एक विभाग नवोदितांच्या जडणघडणीचा, दुसरा समाजाशी संपर्काचा आणि तिसरा मोजमाप व विश्लेषणाचा. निवड झालेल्या नवोदित संशोधकाला लहानसे प्रारंभिक अनुदान मिळे. त्यातून त्याने छोटा पथदर्शी अभ्यास पुरा करायचा, त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करायचे आणि त्यांच्या आधारे मोठ्या अनुदानाचा अर्ज करायचा. या वाटेवर त्याला एकाहून अधिक मार्गदर्शक लाभत. अर्जाचा मसुदा वाचणे, संख्याशास्त्राची मदत मिळवून देणे, अर्ज नामंजूर झाल्यावर तो पुन्हा लिहायला बसवणे, ही मार्गदर्शकाची रोजची कामे होती. कोणत्याही जमाखर्चात त्यांचा स्वतंत्र रकाना नसतो.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या केंद्राचे प्रमुख राहिलेले डॉक्टर एलिसेओ पेरेझ-स्टेबल यांची २०१५ मध्ये अल्पसंख्याकांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या संचालकपदी नियुक्ती झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील केंद्रही सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. अनुदानाचे निर्णय साधारणपणे पाच वर्षांच्या आवर्तनाने होत गेले आणि २०१८ च्या फेरीत केंद्रांची संख्या १८ वर पोहोचली. त्यांतील काहींना खास अल्झायमर रोगाच्या सामाजिक बाजूचे काम देण्यात आले. अमेरिकेत कृष्णवर्णीय वृद्धांना या रोगाचा धोका श्वेतवर्णीयांच्या सुमारे दुप्पट, तर लॅटिन वंशाच्या वृद्धांना सुमारे दीडपट असल्याचे मानले जाते.

मात्र हा धोका मोजायचा कसा? मोजमापाचा विभाग वरवर रूक्ष वाटतो, पण या केंद्रांच्या कामाचा गाभा कदाचित तेथेच सापडेल. स्मृतीच्या चाचणीत कमी गुण पडले तर त्याचा अर्थ मेंदूचा आजार असा घ्यायचा, की अपुरे शिक्षण असा? दक्षिणेतील आजच्या अनेक कृष्णवर्णीय वृद्धांचे बालपण वर्णभेदाने वेगळ्या केलेल्या शाळांत गेले. तेथे वर्ग भरण्याचे दिवस कमी आणि साधने तुटपुंजी असत. त्यामुळे कागदावरची आठ वर्षे म्हणजे प्रत्यक्षात आठ वर्षांचे शिक्षण नव्हे. कोलंबिया विद्यापीठातील जेनिफर मॅन्ली व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की शाळेच्या वर्षांऐवजी प्रत्यक्ष वाचनाची पातळी हिशेबात घेतली, तर कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय वृद्धांच्या गुणांमधील फरक बऱ्याच चाचण्यांत खूपच कमी होतो.

भाषांतराचा प्रश्न याहून नाजूक आहे. नैराश्य मोजणाऱ्या एका प्रचलित इंग्रजी प्रश्नावलीत खिन्नतेसाठी निळ्या रंगाचे नाव वापरले आहे. ते शब्दशः दुसऱ्या भाषेत नेले तर उत्तर देणारा बुचकळ्यात पडेल. मराठीत तर निळ्या रंगावरून मेघ आठवतील नाहीतर कृष्ण, मनाची उदासी नव्हे.

हा प्रश्न भारतातही आला होता. हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाची इंग्रजी चाचणी निरक्षर हिंदीभाषक वृद्धांसाठी नव्याने बांधली. एक वाक्य लिहा, या सूचनेऐवजी आपल्या घराविषयी काही सांगा, असे विचारण्यात आले. पुढे भारतातील वृद्धांच्या दीर्घकालीन राष्ट्रीय अभ्यासाला जोडून स्मृतिभ्रंशाची जी पाहणी झाली, तिच्यातही या हिंदी चाचणीचा उपयोग करण्यात आला. हा राष्ट्रीय अभ्यास मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या सहकार्याने केला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती घेण्यात आली. त्याच्या अर्थसाह्यात भारत सरकारसोबत अमेरिकेच्या याच वार्धक्य संस्थेचा वाटा आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीयांचे चित्र अद्याप अपुरे आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींच्या हृदयविकाराचा दीर्घकालीन अभ्यास २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागो येथे सुरू झाला. मसाला या लघुनावाने तो ओळखला जातो. पहिल्या टप्प्यात ४० ते ८४ वयोगटातील ९०६ जण होते आणि त्यांना इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू येणे आवश्यक होते. मुलांकडे राहायला गेलेल्या, केवळ मराठी किंवा गुजराती बोलणाऱ्या आई-वडिलांना अशा अभ्यासात अर्थातच जागा नव्हती. आशियाई वंशाच्या वृद्धांसाठी रटगर्स विद्यापीठात स्वतंत्र केंद्र आले ते २०१८ मध्ये.

अनुदानातील दरी

या योजनेचे फलित काय, असे विचारणाऱ्यांपुढे २०११ चा एक निबंध ठेवावा लागतो. अर्थतज्ज्ञ डोना गिंथर यांच्या चमूने राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे आलेले अर्ज तपासले. शिक्षण, पूर्वीचे प्रशिक्षण, प्रसिद्ध निबंध इत्यादी बाबी समान धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना मुख्य संशोधन अनुदान मिळण्याची शक्यता श्वेतवर्णीयांपेक्षा सुमारे १० टक्केबिंदूंनी कमी असल्याचे त्यांना आढळले. मुळात अशा अर्जदारांचे प्रमाणच एकूण अर्जांच्या दोन टक्क्यांहून कमी होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या विश्लेषणात या दरीचा एक पंचमांशाहून अधिक भाग विषयाच्या निवडीमुळे असल्याचे दिसले. समाजात जाऊन करायचा अभ्यास, आरोग्यातील विषमता असे विषय निवडणाऱ्यांना मंजुरी कमी मिळत होती. म्हणजे ज्या कामासाठी ही केंद्रे संशोधक तयार करत होती, त्याच कामाला मुख्य अनुदानाच्या दारात कमी मान होता. लहान अनुदान आणि मार्गदर्शक देऊन ही अडचण पूर्णपणे दूर होणे शक्य नव्हते, हे मान्य करायला हवे.

२०२५ मध्ये या क्षेत्रावर नवे संकट आले. जानेवारीत सत्तेवर आलेल्या ट्रम्प प्रशासनाने विविधता आणि समावेशन यांसंबंधीचे सरकारी कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले. त्यानंतर राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी शेकडो संशोधन अनुदाने मुदतीपूर्वी रद्द केली. आरोग्यातील विषमतेचा अभ्यास आणि नवोदितांचे प्रशिक्षण यांचाही त्यांत समावेश होता. २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात अल्पसंख्याकांच्या आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्थाच बंद करण्याची सूचना करण्यात आली. १६ जून २०२५ रोजी बोस्टन येथील संघीय न्यायाधीश विल्यम यंग यांनी अनुदाने रद्द करणे बेकायदा ठरवले. परंतु २१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या निर्णयाच्या अनुदानविषयक भागाला स्थगिती दिली आणि अशा पैशांचे दावे वेगळ्या न्यायालयात मांडावे लागतील, असे मत नोंदवले.

प्रयोगशाळेतील यंत्र वर्षभर बंद राहिले तर पुन्हा सुरू करता येते. नवोदित संशोधकाच्या बाबतीत मधले वर्ष तसे भरून निघत नाही. नोकरी कायम होण्याची मुदत उलटते, तो दुसऱ्या विषयाकडे किंवा खासगी कंपनीकडे वळतो. आणि डेट्रॉइटसारख्या शहरात नोंदवहीत नाव लिहिणारे आजोबा त्या वेळी सत्तरी-ऐंशीच्या घरात असतात.