युनिक्सचे स्थलांतर : स्मृतीचे पत्ते आणि यंत्राचे बंधन

युनिक्स ही कार्यप्रणाली सी भाषेत लिहिलेली असल्यामुळे कोणत्याही यंत्रावर सहज नेता येते, हा समज अर्धसत्य होय. 1973 साली बेल प्रयोगशाळेत तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला हे खरे. पण तेवढ्याने यंत्राचे बंधन सुटले नाही.

पीडीपी-11 या यंत्राची रचना पाहिली म्हणजे याचे कारण कळते. सोळा बिटांच्या पत्त्याने एका वेळी 64 किलोबाइट एवढीच स्मृती गाठता येई. तिचे 8 किलोबाइटांचे आठ खंड असत, व प्रत्येक खंड प्रत्यक्ष स्मृतीत कोठे आहे हे एकेक रजिस्टर सांगे. युनिक्सच्या गाभ्याने यांपैकी एक खंड चालू प्रक्रियेच्या खाजगी माहितीसाठी राखला होता. प्रक्रिया बदलली की ते एकच रजिस्टर बदलावयाचे. त्याच पत्त्यावर दुसरीची माहिती दिसू लागे. शेवटच्या खंडात उपकरणांची रजिस्टरे होती. त्यामुळे डिस्कला आज्ञा देणे म्हणजे ठराविक पत्त्यावर एक संख्या लिहिणे, एवढेच. वाक्य सी भाषेतले, पत्ता मात्र पीडीपी-11चा!

1977 साली मरे हिल येथे स्टीफन जॉन्सन व डेनिस रिची यांनी इंटरडेटा 8/32 हे 32 बिटांचे यंत्र निवडले, तेव्हा ही गोष्ट उघडी पडली. तेथे उपकरणांसाठी स्वतंत्र यंत्रादेश होते. पत्त्यावर संख्या लिहून भागत नव्हते. बाइटांचा क्रमही उलटा होता.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी इंटरडेटा 7/32 वर निराळा मार्ग स्वीकारला. त्यांनी युनिक्स प्रथम उत्पादकाच्याच ओएस/32 या प्रणालीच्या आश्रयाने चालविली. उपकरणांशी व्यवहार यजमानाने करावयाचा. पुढे हा आश्रय क्रमाक्रमाने दूर केला. यंत्रनिष्ठ भाग कोणता व तर्कनिष्ठ कोणता, याचा निवाडा या पद्धतीत अधिक स्वच्छ होतो. तरीही इतिहासलेखनात झुकते माप मरे हिललाच मिळाले आहे.

स्मृतीचा प्रश्न तर सर्वांत उशिरा सुटला. 1979 च्या सुमारास व्हॅक्सवर आलेल्या 32व्ही या आवृत्तीने त्या यंत्राची पृष्ठपद्धती वापरलीच नाही. संपूर्ण प्रक्रिया स्मृतीत आणण्याची जुनीच रीत तिने चालू ठेवली. पृष्ठे मागणीनुसार आणण्याची सोय त्याच वर्षाअखेरीस बर्कले येथील आवृत्तीत झाली.