सेप्टिक टँकच्या देखभालीचा इतिहास : तंत्र, श्रम आणि कायदा
(महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
नागरी इतिहासलेखनात पाणीपुरवठा व रस्ते यांना स्थान मिळते. घरामागील मैलाटाकीला ते क्वचितच लाभते. वस्तुतः भूमिगत गटारे न पोहोचलेल्या वस्त्यांचे आरोग्य या टाकीवरच अवलंबून असते. टाकी एकदा बांधली जाते; देखभाल मात्र पिढ्यान्पिढ्या करावी लागते. ती कोणी करावयाची, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उगम व मुंबईतील प्रयोग :
फ्रान्समधील झाँ-लुई मुरास यांनी १८६० च्या सुमारास अशी टाकी बांधली व १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी सुधारित टाकी उभारली आणि 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ झाले. लगेचच, १८९७ मध्ये, मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात टाकीतील वायूचा उपयोग करण्यात आला. त्याच काळात त्याच शहरात मैला डोक्यावरून वाहिला जात होता. हे काम करणाऱ्यांची पालिकेच्या दप्तरी 'हलालखोर' अशी नोंद होती. नवे तंत्र आणि जुनी जातिबद्ध श्रमव्यवस्था अशा रीतीने एकत्र नांदत होती.

टोपलीकडून टाकीकडे :
मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करून १९५२ मध्ये अहवाल दिला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळील गोपुरी येथे मैल्यापासून खत करणाऱ्या संडासाचा पुरस्कार केला. मैल्याला मानवी हात लागू नये, हा या प्रयत्नांचा हेतू होता. शहरांनी मात्र मुख्यतः सेप्टिक टँक स्वीकारली. टोपली गेली, परंतु टाकीच्या तळाशी साचणारा गाळ उपसण्याचे काम उरलेच.

देखभालीचे तंत्र :
भारतीय मानक २४७० (प्रथम १९६३) यात टाकीची रचना व उभारणी यांचे नियम आहेत. साधारणतः दोन-तीन वर्षांनी गाळ काढणे इष्ट असते. तो न काढल्यास घन कण शोषखड्ड्यात जातात, मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. मग केवळ टाकी उपसून भागत नाही. नवा शोषखड्डा करावा लागतो. भिंतींना तडे गेल्यास सांडपाणी झिरपून जवळच्या विहिरी दूषित होतात. टाकीत मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. त्यामुळे आत उतरलेल्यास धोक्याची सूचनाही मिळत नाही. त्याला वाचवण्यास गेलेलेही दगावतात, ते याच कारणाने.

कायद्याची वाटचाल :
१९९३ च्या कायद्याचा भर कोरड्या संडासांवर होता. सेप्टिक टँकची धोकादायक सफाई २०१३ च्या कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध ठरली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई निश्चित केली. २०२३ मध्ये ती ३० लाख केली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतील गोवंडी येथे गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत तीन कामगार मृत्युमुखी पडले. त्यांच्या पत्नींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राज्य शासनाला भरपाई देण्याचा आदेश दिला. टाकी खाजगी असली तरी तिच्या सफाईतील मृत्यू ही खाजगी बाब नव्हे, हे या आदेशातून अधोरेखित होते.

निष्कर्ष :
सव्वाशे वर्षांत टाकीचे मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. बदलली ती जबाबदारीची कल्पना. टाकी तुंबल्यावर मिळेल तो माणूस बोलावण्याची पद्धत हे मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. वाई व सिन्नर येथे २०१८ नंतर, घरमालकाच्या मागणीची वाट न पाहता, ठरावीक चक्राने यंत्राद्वारे गाळ उपसण्याची योजना सुरू झाली. तिचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे की, देखभाल हे आणीबाणीचे काम न राहता नियोजित नागरी सेवा होते. जोपर्यंत प्रत्येक नगरात हे घडत नाही, तोपर्यंत टोपलीचा इतिहास संपला असे म्हणता येणार नाही; तो केवळ झाकणाखाली गेला आहे.